जागेवाल्याला दिलेला पत्ता

बोरिवलीच्या त्या भाड्याच्या घरात आम्ही सगळेच हळू बोलायला शिकलो. भांडुपची आमची जुनी इमारत पाडून तिथे टॉवर उभा राहायचा होता, आणि तोवर बाबांच्या कामाच्या जागेपासून जवळ म्हणून आम्ही इकडे आलो होतो. भांडुपला खालून कुणी हाक मारली की वरून चार जण 'ओ' द्यायचे, त्यातल्या तिघांना हाक मारलेलीच नसायची. इथे सगळी दारं बंद. दिवसभर आवाज यायचा तो लिफ्टमधल्या बाईचा, 'कृपया दरवाजा बंद करें', आणि खाली पार्किंगमध्ये मागे येणाऱ्या गाड्यांचा. आमच्या मजल्यावर इतर कुणाकडे मासे शिजत नसत. कुणी तोंडावर काही बोललं नव्हतं, पण आईने स्वतःच धसका घेतला होता. बांगडा तळायचा तर ती आधी स्वयंपाकघराची खिडकी लावायची, मग दाराच्या फटीला फडकं, मग दोन उदबत्त्या, आणि एवढं करून झालं की घरभर मोगरा आणि बांगडा यांचा असा काही दर्प सुटायचा की आजोबा म्हणायचे, "गो सुने, ह्यापेक्षा नुसतो वास बरो होतो." आई हसायची नाही. ती एका डॉक्टरांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती, दिवसभर लोकांशी गोड बोलून यायची आणि घरी आल्यावर ओढणी न काढताच गॅसपाशी उभी राहायची. पण तिच्या हातची तिरफळं घातलेली आमटी मात्र भांडुपला लागायची तशीच इथेही लागायची. त्या घरात तेवढीच एक गोष्ट ओळखीची होती.

आजोबा म्हणजे बाबांचे वडील. उमेदीची वर्षं गिरणीत गेली, गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम केलं, आणि मुंबईत जन्म काढूनही जिभेवरची मालवणी तसूभर हलू दिली नाही. सकाळी ते गॅलरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळणारे कपडे बघायचे. त्यांनाही इथे कुणी ओळखत नव्हतं. पण ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला "काय, बरां मां?" असं विचारायचे, आणि समोरच्याला कळलं नाही तरी त्यांचं काही अडायचं नाही. मला त्याची भयंकर लाज वाटायची. त्या वयात माणसाला स्वतःपेक्षा घरच्यांचीच लाज जास्त वाटते, हे आता कळतं. तेव्हा मी लिफ्ट सोडून जिन्याने जायचे.

आणि शाळा. भांडुपला मी मराठी शाळेत होते, वर्गात मॉनिटर होते, वक्तृत्वाला उभी राहायचे. इथे नववीला ज्या शाळेत मला घातलं ती इंग्रजी माध्यमाची. दहावीच्या तोंडावर मुलीचं माध्यम बदलू नका असं मावशीने सांगून पाहिलं, पण जवळ हीच होती आणि बाबांचा सगळ्याच नव्या गोष्टींवर फार विश्वास. पहिल्या दिवशी बाईंनी मला फळ्यापाशी उभं केलं आणि इंग्रजीत स्वतःबद्दल चार वाक्यं बोलायला सांगितलं. वाक्यं मी पाठ केली होती. आरशासमोर, आंघोळीच्या वेळी, जिन्यात, सगळीकडे म्हणून पाहिली होती. पण पन्नास डोळे माझ्याकडे लागले आणि पहिलं वाक्यसुद्धा निघेना. नाव सांगायचं होतं हो, फक्त नाव. मी उभीच. कुणीतरी मागून फिसकन हसलं. बाई म्हणाल्या, असू दे, बस. मी खिडकीकडच्या रांगेत शेवटच्या बाकावर जाऊन बसले, आणि त्या बाकावर बसताच माझ्या तोंडाला कुलूप लागलं. उद्या बोलू, असं रोज ठरवायचे. आणि आज इतके दिवस गप्प राहून उद्या एकदम कसं बोलायचं, याची धास्ती रोज थोडी वाढायची.

मग मी दिवसभर वाट बघायचे ती संध्याकाळची. घरी आलं, चहाबरोबर दोन टोस्ट खाल्ले की फोन हातात, आणि फोनवर तो गेम. आता कुणाला तो समजावून सांगायला गेलं तर ऐकणारा जांभई देतो, म्हणून थोडक्यात सांगते. चार-चार जणांच्या टोळ्या विमानातून एका बेटावर उड्या मारायच्या, आणि जी टोळी शेवटपर्यंत टिकेल ती जिंकायची. सगळ्यांचे माइक चालू, त्यामुळे खेळता खेळता बोलायचं. आमच्या टोळीत मी आणि भांडुपला राहणारा माझा चुलतभाऊ दिगंबर, म्हणजे दिग्या. त्याने स्वतःचं नाव ठेवलं होतं 'बांगडा', आणि माझं ठेवलं 'तिरफळ', कारण मी आमटीतल्या तिरफळासारखी अचानक दाताखाली येते म्हणे. उरलेल्या जागांवर गेम कुणालाही आणून बसवायचा. दिग्याने मला एक नियम घालून दिला होता, आणि त्या बाबतीत तो आईपेक्षा कडक होता. "खरं नाव नाय सांगायचं, शाळा नाय सांगायची, कुठं राहते ते तर अजिबात नाय. कोण कसला असतो माहीत नसतं. कानाला खडा लाव." मी लावला होता.

गंमत म्हणजे तिथे मी बोलायचे. नुसती बोलायचे नाही, हुकूम सोडायचे. कुठे उतरायचं, कधी धावायचं, कुणी कुणाच्या मागे राहायचं, सगळं मी ठरवायचे आणि पोरं ऐकायची. मला न बघता, माझा गणवेश न बघता, मी कुठल्या माध्यमात शिकले ते न विचारता. तिथे तोंड उघडायला मला कधी एक क्षण लागला नाही.

असाच एकदा गेमने आमच्यात एक मुलगा आणून बसवला आणि तो राहिला. त्याचं नाव 'धूमकेतू'. पहिल्याच दिवशी मी त्याला सांगितलं, "डाव्या बाजूच्या घरात जाऊ नको," तो गेला आणि मेला. मग बाकीचा डाव तो नुसता बघत बसला आणि शेवटी म्हणाला, "तिरफळ, तू झकास खेळतेस यार. उद्यापासून तू सांगशील तसं." मग रोज यायचा. त्याचा आवाज नुकता फुटलेला होता, मध्येच जाड व्हायचा, मध्येच किंचाळायचा, आणि हसायला लागला की आधी श्वास आत ओढल्यासारखा एक हुंकार यायचा आणि मग हसू. दिग्या क्लासला गेला की आम्ही दोघंच असायचो. खेळायचं बाजूला राहायचं. तो त्याच्या घरचं सांगायचा. आई-वडील दोघं कामावर, ताई पुण्याला शिकायला, घरात संध्याकाळी कुणी नाही, म्हणून तो टीव्ही चालू ठेवतो, नुसता आवाज यावा म्हणून. एकदा म्हणाला, "तू बोलायला लागलीस ना की मी टीव्ही बंद करतो." मी त्या वाक्यावर कित्येक दिवस काढले. गणिताच्या तासाला, चपाती लाटताना, केस विंचरताना तेच वाक्य. प्रेम म्हणायला मी तेव्हा धजले नसते. आता म्हणते, प्रेमच होतं ते.

आणि मग कबुतराचा दिवस आला. आमच्या वर्गात एक कबूतर शिरलं होतं. विज्ञानाच्या सरांना पाखरांची भीती, ते सगळ्यांना सांगत होते घाबरू नका, आणि स्वतः छत्री उघडून तिच्याखाली उभे होते. त्या संध्याकाळी धूमकेतू माइकवर आला तोच हसत. "अरे, आज आमच्या वर्गात काय झालं ऐका. कबूतर आलं आणि सर छत्री घेऊन..." पुढचं मला ऐकू आलं नाही. दिग्या हसत होता. दुसऱ्या दिवशी वर्गात मी मान खाली घालून नुसते कान उघडे ठेवून बसले. दुसऱ्या तासाला कुणीतरी विनोद केला आणि तो हुंकार आला, मग हसू. मधल्या रांगेत, दुसऱ्या बाकावर. ईशान. चष्मा, उंच, फुटबॉलवाल्या पोरांच्या घोळक्यात वावरणारा, ज्याच्या शेजारी बसायला मुलं भांडायची तो ईशान.

कुणाला वाटेल, मला आनंद झाला असेल. मला धडकी भरली. तो इतक्या जवळ होता की पट्टी फेकली असती तर त्याला लागली असती, आणि त्याला पत्ता नव्हता. सांगावं तर कसं सांगावं? तो जिच्यासाठी टीव्ही बंद करायचा ती हुकूम सोडणारी तिरफळ. शेवटच्या बाकावरची मुकी मुलगी म्हणजेच ती, हे कळल्यावर तो एक दिवस तरी टिकेल का? मी अडून अडून विचारायला लागले. एकदा धीर करून म्हटलं, "तुमच्या वर्गात मुली कशा आहेत रे?"

"आहेत अशाच. एक नवीन आलीय. घुमी आहे एकदम. सगळे घुमीच म्हणतात तिला. बाजूने गेली तरी कळत नाही."

"दिसायला कशी आहे?"

"कोण बघतंय," तो म्हणाला. "तिरफळ, मागे बघ, कुणीतरी येतंय."

मागे कुणीतरी आलं होतं आणि त्याने मला मारलं. दिग्या दोन दिवस मला त्यावरून टोमणे मारत होता.

जेवणावरून माझं मन उडालं. ताटातली आमटी निवायची, आई ती परत गरम करायची. शाळेत जाताना पोटात दुखायचं, आणि ते खरंच दुखायचं, सोंग नव्हतं. आईला वाटलं अभ्यास झेपत नाही, बाबांना वाटलं फोन जास्त होतोय. आजोबांनी काहीच वाटून घेतलं नाही, नुसतं विचारलं. एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो, ते काजू सोलत होते, आणि मी त्यांना सांगून टाकलं. धूमकेतूचं नाही. शाळेचं, बाकाचं, घुमीचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, काजूची सालं एका जागी केली आणि म्हणाले, "तुझी चूक नाय ती. आमची. आमी जागेवाल्याक इचारूक नाय."

जागेवाला म्हणजे जागेचा धनी. प्रत्येक जागेला तो असतो, दिसत नाही, पण असतो, आणि नव्या जागेत राहायला गेलं की आधी त्याला नारळ ठेवून, गाऱ्हाणं घालून त्याची परवानगी घ्यायची, असं आमच्याकडे मानतात. गावाकडे विहीर खणण्याआधी, घर बांधण्याआधी हे होतं. भाड्याच्या फ्लॅटमध्ये कुणी करत नाही. बाबा म्हणाले, "अप्पा, ही जागा बिल्डरची आहे." आजोबा म्हणाले, "बिल्डर काल इलो. तेच्या आधी जो होतो, तेचा काय?" आईने एवढंच विचारलं की कोंबडं वगैरे नाही ना द्यायचं, आणि नारळावर भागतंय म्हटल्यावर तिने सुस्कारा सोडला.

रविवार ठरला, तिन्हीसांजेची वेळ, कारण जागेवाला त्याच वेळी फेरी मारतो. नेमका त्याच रविवारी आमच्या टोळीचा मोठा सामना होता. दिग्या, धूमकेतू आणि मी, आणि दिग्याचा एक मित्र चौथा. मी पलंगावर बसून खेळत होते आणि बाहेरून आजोबांची हाक आली. मी म्हटलं पाच मिनिटं. हाक परत आली, या वेळी माझं पूर्ण नाव घेऊन. मी माइक बंद केला, आवाज कमी केला आणि फोन हातात धरूनच बाहेर गेले. म्हणजे माइक बंद केला असं मला वाटलं. घाईत अंगठा भलत्याच ठिकाणी पडला होता.

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, चपलांचं कपाट हलवून, केळीच्या पानावर नारळ ठेवला होता. विडा, सुपारी, दिवा. आजोबांनी टोपी घातली होती. मी फोन त्या कपाटावर पालथा ठेवला आणि आईच्या शेजारी हात जोडून उभी राहिले. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्याने केलेलं बोलणं. म्हणणारा एक एक मागणं मांडतो आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून रुकार द्यायचा. आणि त्यात एक पथ्य असतं. देवाला सगळं नीट, फोड करून सांगायचं. कोण, कुणाचा, कुठला, कुठे बसतो, काय दुखतं. अर्धवट सांगितलं तर देव भलत्याच्या दारात जाईल, असं आजोबांचं ठाम मत होतं, आणि मुंबईत तर एकसारख्या एवढ्या इमारती.

"बा देवा जागेवाल्या म्हाराजा!" आजोबांनी सुरुवात केली. गिरणीच्या खडखडाटात कमावलेला आवाज तो.

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं.

"आज ह्या बोरिवलीच्या जागेत, बी विंगेत, तिसऱ्या माळ्यार, लिफ्टीच्या उजव्या हाताक, आमी परब मंडळी भाड्यान रवाक इलांव. येताना तुका इचारूक नाय, तुका नारळ देवक नाय. ती चूक पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"ही माझी नात सायली, राजन परबाचा चेडू. ह्या शाळेत," इथे त्यांनी शाळेचं नाव घेतलं, स्पष्ट, न अडखळता, "नववी बच्या वर्गात, खिडकीकडच्या वळीत, अगदी पाठच्या बाकार बसता रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा." माझा आवाज निघाला नाही. आईने माझ्याकडे बघितलं.

"भांडुपाक होता तेव्हा दिवसभर बडबडा. हय इला आणि चेडवाचो आवाज गेलो. जेवणार मन नाय. शाळेत तेच्यावांगडा कोण बोलणा नाय. पोरा तेका घुमी म्हणतत. घराक येऊन गप रडता, आमका दाखवणा नाय. जो कोण तेका घुमी म्हणता, तेका सुबुद्धी दी. आणि माझ्या नातीचो आवाज तिका परत दी रे म्हाराजा!"

कुणीच रुकार दिला नाही. आईला हे काही ठाऊकच नव्हतं, तिने तोंडावर पदर धरला होता. बाबा माझ्याकडे बघत होते. आणि त्या शांततेत चपलांच्या कपाटावरून, पालथ्या फोनमधून, बारीक पण स्वच्छ आवाज आला. "व्हय म्हाराजा!"

दिग्याचा. त्याला राहवलंच नव्हतं. आमच्या माणसाला गाऱ्हाणं ऐकून गप्प बसताच येत नाही. तो नंतर शपथेवर म्हणाला की तो पहिल्यापासून प्रत्येक वाक्याला म्हणत होता, पण आमच्या आवाजात ते दबून गेलं. मी फोनकडे झेप घेणार, इतक्यात आणखी एक आवाज आला. हळू, चाचरत, कधी न म्हटलेलं काहीतरी म्हणावं तसा. "होय महाराजा."

मी फोन सुलटा केला, तोवर धूमकेतू टोळीतून निघून गेला. पडद्यावर तेवढी एक ओळ आली. आजोबांनी समाधानाने नारळ उचलला आणि म्हणाले, "दोन तोंडां जास्त झाली, बरां झाला. पोचतला." दिग्या फोनवरून ओरडत होता, "अगं सायले, मी इतके दिवस बोंबलतोय नाव सांगू नको, नाव सांगू नको, आणि आजोबांनी लिफ्टच्या कुठल्या हाताला ते पण सांगितलं!" मी फोन बंद केला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. आई दाराबाहेर उभी होती. ती तिथून हलली नाही. ते मला अजून आठवतं.

सोमवारी माझं पोट दुखलं. आजोबांनी सरळ सांगितलं, "नारळ दिलेलो हा. आता घरात बसान चलाचा नाय." डब्यात त्यांनी प्रसादाचं खोबरं घातलं. मी जीव मुठीत धरून वर्गात शिरले. ईशान आधीच आलेला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदा, आणि लगेच वहीत डोकं घातलं. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. तो संध्याकाळी खेळायलाही येईना. कुणी मला नव्याने हसलं नाही, म्हणजे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि याचा अर्थ चांगला लावावा की वाईट, हे ठरवता ठरवता माझी झोप उडाली. तो रागावला असेल, की हसत असेल, की त्याला किळस आली असेल? हो किंवा नाही, काय ते एकदा होऊन जावं असं वाटायचं, आणि दोन्हीची भीती वाटायची.

मग गुरुवारी मधल्या सुट्टीत मी पाण्याच्या नळांकडे गेले तर तो तिथे उभा होता. एकटा. नळ जिन्याच्या मागे होते, तिथे थोडा आडोसा होता.

"सॉरी," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं ना. घुमीचं. खरंच सॉरी."

मी मान हलवली. एवढं जवळून त्याला बघायची सवय नव्हती. त्याच्या चष्म्याची एक काडी सेलोटेपने चिकटवलेली होती, हे मी शेवटच्या बाकावरून कधी पाहिलं नव्हतं.

"तुझ्यासारखं कुणी नाहीये यार," तो म्हणाला. "मी तीन दिवस टीव्हीच लावून बसलोय. तू येत जा ना परत. आजपासून. आधीसारखं."

मला वाटलं मी तिथेच रडेन. ज्याची धास्ती घेऊन मी इतके दिवस जगत होते ते झालंच नव्हतं. त्याला सगळं कळलं होतं, बाक, शाळा, घुमी, सगळं, आणि तरी तो परत ये म्हणत होता. मी "हो" म्हणायला तोंड उघडलं, आणि तो घाईघाईने पुढे म्हणाला, "फक्त इथे नको. वर्गात आपण ओळखतो असं नको दाखवू या. पोरं कशी आहेत माहीतेय ना तुला. चिडवून वाट लावतील. संध्याकाळी काय, आपण आहोतच की."

खरं सांगते, तरीही मी हो म्हणणार होते. संध्याकाळ तर संध्याकाळ. मला तेवढ्याने पुरलं असतं, निदान तेव्हा तसं वाटलं. ओठांपर्यंत हो आलं होतं. तेवढ्यात जिन्यावर बुटांचा आवाज झाला, फुटबॉलवाल्यांचा घोळका आला, आणि ईशानचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत पुसला गेला. त्याने माझ्याकडे पाठ केली, नळ सोडला आणि ओंजळ लावून पाणी प्यायला लागला. त्याला तहान नव्हती. तो पीत राहिला. मी त्याच्या मागे हातभर अंतरावर रिकामी बाटली घेऊन उभी, आणि ती पोरं माझ्याकडे बघूनही न बघता शेजारच्या नळांवर आली, जशी रोज यायची.

राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा भीतीच्या जागी राग आला, आणि तो इतका बरा वाटला की मी स्वतःच चकित झाले.

"ईशान," मी म्हटलं, "पाणी पिऊन झालं असेल तर सरक. मला बाटली भरायचीय."

मोठा निघाला आवाज. भांडुपला जिन्यातून हाक मारतात तेवढा मोठा. जिन्याखाली घुमला. पोरांचे नळ तसेच वाहत राहिले.

"आयला," एक जण म्हणाला, "ही बोलते?"

"बोलते," मी म्हटलं. "रोज संध्याकाळी बोलते. ह्याला विचार."

ईशानच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. त्याचे कान लाल झाले. तो बाजूला झाला. पोरांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत त्याच्याकडे. त्याने तेव्हा एक शब्द बोलायचा होता. कुठलाही. मी बाटली भरेपर्यंत वाट पाहिली, आणि बाटली मुद्दाम सावकाश भरली. तो बोलला नाही. झाकण लावताना ते माझ्या हातून दोनदा खाली पडलं, आणि दुसऱ्यांदा उचलून देणारा त्या घोळक्यातला दुसराच कुणी मुलगा होता. त्याने विचारलं, "तू कुठून आलीस?" मी म्हटलं, "भांडुप." मराठीत विचारलं होतं, मराठीत सांगितलं, एवढं सोपं होतं ते.

धूमकेतू पुन्हा कधी आमच्या टोळीत आला नाही. वर्गात ईशान दहावी संपेपर्यंत माझ्याशी नीट वागला, वही मागितली तर द्यायचा, आणि माझ्या डोळ्यांत कधी बघायचा नाही. मला त्याचा राग किती दिवस राहिला ते आठवत नाही. त्याची आठवण मात्र पुष्कळ दिवस राहिली, हे कबूल करायला आता या वयात काय हरकत आहे. तोही घाबरलेलाच होता. पण माझी भीती मला पुरेशी होती, त्याची मी कुठे वागवणार?

त्या दिवशी मी घरी आले, दप्तर दारातच टाकलं, गॅलरीत आजोबांच्या खुर्चीशी जमिनीवर बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. मनसोक्त, आवाज करून, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता. त्यांनी मला रडू दिलं. मग डोक्यावर हात ठेवून विचारलं, "काय झाला गो? कोण काय बोललो तुका?"

मी त्यांच्याशी कधी मालवणीत बोलत नसे. त्या दिवशी बोलले.

"नाय, आजोबा," मी म्हटलं. "आज मी बोललंय."